कॅसेटमधला मुलगा

जूनच्या शेवटी एक सकाळ अशी येते की इमारतीचं काचेचं दार ढकलून बाहेर पाऊल टाकलं आणि चष्मा पांढराफटक झाला. समोरची बस दिसत नाही, रस्ता दिसत नाही. दाराशी बसलेला नातूर, म्हणजे इमारतीचा राखणदार, न विचारताच सांगतो, "रुतूबा आ गया, मॅडम." रुतूबा म्हणजे हवेतला दमटपणा. उन्हाचं काही वाटत नाही, ते निदान समोरून येतं. रुतूबा कॉलरच्या आत शिरते, पुस्तकांची पानं चिकटवते, मिठाच्या बरणीत पाणी करते आणि मेंडोलिनच्या आठही तारा रात्रीतून उतरवून ठेवते.

म्हणून या दिवसांत माझा पहिला अर्धा तास तारा पिळण्यात जातो. मेंडोलिनला तारा आठ, पण त्या जोडीजोडीने. एका जोडीतल्या दोघी अगदी एका सुरात असाव्या लागतात. एक जरा उतरली की दुसरी कितीही बरोबर असली तरी कानाला खुपते. मला या जोड्यांचं कधीच कौतुक वाटलं नाही. एक उतरली तर उतरू दे, दुसरीने का म्हणून वाईट दिसायचं, असं मला सोळाव्या वर्षीही वाटायचं आणि आज तिशी आली तरी वाटतं.

शुभा आणि मी आखातातल्या एका शहरात, करामा या वस्तीतल्या एकाच इमारतीत राहायचो, ती दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. तिच्या वडिलांचा चिवडा, फरसाण, पापड यांचा धंदा होता. जिन्यात पाऊल ठेवलं की हिंगाचा वास यायचा आणि तो आमच्या दप्तरांनाही लागलेला असायचा. माझे बाबा अल क्वोजच्या एका स्टील फॅब्रिकेशनच्या कंपनीत ड्राफ्ट्समन. पण मुंबईला असताना ते ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवायचे, आणि नोकरीपेक्षा ते त्यांना जास्त खरं वाटायचं. संध्याकाळी लुंगी नेसून ते आम्हा दोघींना पलंगावर बसवून शिकवायचे. मी त्यांची मुलगी होते आणि शुभा त्यांची विद्यार्थिनी. यातलं काय वरचढ असतं ते मला फार लवकर कळलं.

"शुभाच्या हातात साखर आहे," बाबा म्हणायचे. माझ्या हाताबद्दल ते म्हणायचे, "तुझं पाठांतर चांगलं आहे, वैजू."

दहावीची परीक्षा संपली त्या वर्षी दोन्ही घरांनी उन्हाळ्यात भारतात जायचं टाळलं. शुभाच्या वडिलांनी नवा गाळा घेतला होता आणि बाबांची रजा कंपनीने नाकारली होती. वर्गातल्या बाकी सगळ्या मुली मे संपता संपता विमानात बसल्या. मागे राहिलो आम्ही दोघी, रिकामी इमारत, गुरगुरणारे एसी आणि बाहेर ती ओली, आंबट हवा.

त्याच सुमारास डेल आमच्या आयुष्यात आला. फुजैराच्या बंदरावर तेलाच्या टाक्यांची तपासणी करणारा अमेरिकन इंजिनियर, उंच, लालबुंद, मिशा पिवळ्या. बाबांच्या कंपनीने त्याच्या टर्मिनलसाठी जिने आणि कठडे केले होते. ड्रॉइंगवर सही घ्यायला गेलेल्या बाबांना त्याच्या भिंतीवर टांगलेला बँजो दिसला आणि सही बाजूला राहिली. डेल, त्याची बायको रूथ आणि बंदरावरचे आणखी तिघे दर शुक्रवारी त्यांच्या व्हरांड्यात गोल बसून ब्लूग्रास वाजवायचे. ब्लूग्रास म्हणजे त्यांच्याकडच्या डोंगराळ मुलखातलं संगीत. सगळी वाद्यं तारांची, ढोल नाही, तबला नाही. ठेका धरायचा तो मेंडोलिनने, तारा दाबून कापल्यासारखा एकेक झटका देत. त्यांचा मेंडोलिनवाला नोकरी संपवून मायदेशी गेला होता. मग दर शुक्रवारी सकाळी बाबांच्या टोयोटात मागच्या सीटवर दोन मेंडोलिन, दोन मुली आणि एक पुडा पापडांचा, असे आम्ही डोंगर ओलांडून फुजैराला जाऊ लागलो.

त्या गोलात बसायची एक रीत होती. ज्याने धून सुरू केली त्याने वेग ठरवायचा, बाकीच्यांनी मुकाट मागे यायचं. मग एकेकाची पाळी फिरत येते. पाळी नको असेल तर फक्त मान हलवायची, ती पुढच्याकडे जाते, आणि कुणी कारण विचारत नाही. मला ही रीत फार आवडली. आमच्याकडे मान हलवली असती तर चार मावश्यांनी चौकशी केली असती.

जूनमध्येच डेलने सांगून टाकलं. त्याची बहीण व्हर्जिनियाला नव्या, होतकरू ब्लूग्रास वादकांचं शिबिर चालवायची. पुढच्या उन्हाळ्यासाठी एका मेंडोलिनवाल्याची जागा तिने त्याच्या शब्दावर राखली होती. जाण्यायेण्याचा खर्च तो करणार होता. "वन सीट," त्याने एक बोट वर केलं. "सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी ठरवू. आणि गर्ल्स, जी जाणार नाही तिने रुसायचं नाही." आम्ही दोघींनी लगेच माना डोलावल्या.

सरावासाठी त्याने बाबांना एक कॅसेट दिली. त्याच्या मते मेंडोलिन असं वाजवावं, असा एक वादक, नुसती वाद्यं, गाणं नाही. बाबांनी परतताना करामातल्या दुकानात तिच्या दोन प्रती भरून घेतल्या, एक शुभाला, एक मला. डेलची मूळ कॅसेट दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ड्रायव्हरबरोबर परत गेली. आमच्या घरात ती कधी वाजलीच नाही.

आमच्या कॅसेटवर प्रत्येक धुनेआधी एक कोवळा, पातळ आवाज आकडे मोजायचा. वन, टू, थ्री, फोर. आणि मग जे काही सुटायचं ते ऐकून आम्ही दोघी पहिल्या दिवशी एकमेकींकडे बघतच राहिलो. एवढ्या वेगात बोटं उचलतात कधी आणि ठेवतात कधी?

"मुलगा आहे गं," शुभा म्हणाली. "आवाज ऐक ना. आपल्याच वयाचा असेल."

झालं. त्या दिवसापासून तो मुलगा आमच्या घरात राहायला आला. शुभा त्याच्याशी बोलायची, त्याला शिव्या घालायची, त्याच्यासाठी नटून बसल्यासारखी केस बांधून सरावाला बसायची. त्याला जमतं तर आपल्याला का नाही, एवढा एकच हिशोब तिच्या डोक्यात होता. कॅसेटशी सूर जुळवायचे तर बाबांच्या हार्मोनियमची पांढरी सहा धरावी लागायची. त्यासाठी तारा नेहमीपेक्षा बऱ्याच ताणायला लागायच्या, बारीक तार तर आठवड्याला तुटायची. फुजैराला मात्र त्याच धुना पांढरी पाचला वाजायच्या, आणि बऱ्याच संथ. मी बाबांना विचारलं.

"ज्याची त्याची पट्टी असते," बाबा म्हणाले. "त्या पोराची वरची असेल. आणि ही मंडळी हौशी आहेत, तो उस्ताद आहे. उस्तादाच्या मागे धावायचं."

आयुष्यभर गाणाऱ्या बायकांच्या आणि बुवांच्या पट्ट्या सांभाळलेल्या माणसाला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही. दोष द्यायला माझ्याकडे जवळचं माणूस आहे.

जुलैमधल्या एका गुरुवारी बाबांना काहीतरी मोजमाप घ्यायला फुजैराला जायचं होतं. शुभा पापडांच्या पॅकिंगला बसली होती, म्हणून मी एकटीच गेले. बाबा टर्मिनलवर गेले आणि मी रूथबरोबर घरी थांबले. एसीच्या गार हवेत तिने मला लिंबाचं सरबत दिलं आणि एक तबकडी लावली. खोल, घोगरा, खर्जातला एक पुरुषी आवाज आकडे मोजू लागला. मग धून सुरू झाली. तीच धून, तिच्या सगळ्या वेलांट्यांसकट. पण ती चालत होती. धावत नव्हती. मधे श्वास घ्यायला जागा होती.

"हा कोण?" मी इंग्रजीत विचारलं.

"तुमच्या कॅसेटवरचाच," रूथ म्हणाली आणि तिने वेष्टन दाखवलं. टक्कल पडलेला, पोट सुटलेला, पन्नाशीचा माणूस, मांडीवर मेंडोलिन. "हीच तबकडी डेलने कॅसेटवर भरली. का गं?"

"सहज," मी म्हणाले. मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. दुकानातलं भरायचं यंत्र हळू चालत असणार. भरताना हळू भरलेलं घरी आणून लावलं की पळतं, आणि पळताना सूरही चढतो. मुलगा नव्हताच. होता तो आमच्या वडिलांपेक्षा मोठा माणूस, आणि तोही त्या वेगाने वाजवत नव्हता. त्या वेगाने जगात कुणीच वाजवत नव्हतं, एक माझी मैत्रीण सोडून.

परतीच्या वाटेवर डोंगर तांबडे झाले होते. मी ठरवलं होतं की घरी गेल्या गेल्या शुभाला सांगायचं आणि दोघींनी पोट धरून हसायचं. खरंच ठरवलं होतं, यावर कुणी विश्वास ठेवला नाही तरी चालेल. गाडी लावून बाबा आणि मी जिना चढत होतो. दुसऱ्या मजल्यावर दाराच्या आतून शुभाचा सराव ऐकू येत होता. बाबा थांबले. पायरीवर एक पाय, हातात ड्रॉइंगची गुंडाळी, डोळे मिटलेले. त्यांचा चेहरा माझ्यासाठी तसा कधी झाला नव्हता.

"ही पोरगी जाणार बघ अमेरिकेला," ते म्हणाले. मी शेजारी उभी होते हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

मी तिला सांगितलं नाही.

लोक म्हणतात, अशा वेळी मनात द्वंद्व चालतं. माझ्या मनात असलं काही चाललं नाही. मला हलकं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी तारा उतरवल्या, तारांखाली रुमाल घातला, न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि त्या टकल्या माणसाच्या खऱ्या वेगाने धुना घोटायला लागले. वेग कमी झाल्यावर प्रत्येक सूर स्वच्छ दिसायला लागला. खाली दुसऱ्या मजल्यावर शुभा त्या नसलेल्या मुलाच्या मागे दिवसाचे पाच पाच, सहा सहा तास धावत होती.

ऑगस्टमध्ये तिच्या उजव्या मनगटावर सूज आली. पहाटे पापडाचं पीठ मळायचं, दुपारभर मेंडोलिन, संध्याकाळी पुन्हा पॅकिंग. करामातल्या डॉक्टरने पट्टी बांधली आणि सहा आठवडे हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं. तिने आईला सांगितलं, पंधरा दिवस म्हणाले. मलमाचा वास हिंगात मिसळून जिन्यात यायला लागला. एक दिवस आम्ही गच्चीवर कपडे काढायला गेलो होतो. कपडे वाळलेले नव्हतेच, त्या हवेत वाळत नसत. शुभा डाव्या हाताने चिमटे काढत होती.

"वैजू, थांबू का मी?" तिने विचारलं. "रात्री झोप येत नाही गं दुखण्याने. पण तो मुलगा थांबला असेल का?"

ती माझ्याकडे बघत होती. मी चादरीची घडी घालत होते. त्या घडीची टोकं मी नीट जुळवली, हे मला आठवतं.

"बघ बाई," मी म्हणाले. "तुझा हात आहे. पण आपल्याच वयाचा आहे तो. तो काही सहा आठवडे बसून राहिला नसेल."

एवढंच. मी तिला ढकललं नाही, तिच्या तारा तोडल्या नाहीत, डेलकडे चहाडी केली नाही. नंतर कितीतरी वर्षं मी स्वतःला हे बजावत आले आहे आणि त्याचा उपयोगही होतो.

सप्टेंबरचा शेवटचा शुक्रवार आला तेव्हा हवा जराशी सुटली होती. व्हरांड्यात खुर्च्यांचा गोल. बाबा कोपऱ्यात पापडाचा पुडा मांडीवर घेऊन, त्यांना तो रूथच्या हातात द्यायचं सुचलंच नव्हतं. डेलने शुभाकडे बघून मान लववली. "किक इट ऑफ, हनी." म्हणजे सुरुवात तिने करायची. म्हणजे वेगही तिचाच.

तिने सुरू केलं. कॅसेटच्या वेगाने.

मला ते नाकारता येत नाही. गोलातल्या सगळ्यांची धांदल उडाली, बँजो मागे पडला, रूथचं फिडल अर्ध्यातच थांबलं. त्या व्हरांड्यात काही क्षण असं काही वाजत होतं की जे त्या टकल्या माणसानेही कधी वाजवलं नव्हतं. सूरही एकेक मोत्यासारखा. तिला ते जमत होतं. यंत्राच्या चुकीतून निघालेला तो वेग त्या सोळा वर्षांच्या मुलीने घाम गाळून खरा करून दाखवला होता. मग तिचं मनगट आखडलं. तारा छेडायची नखी हातातून उडून फरशीवर पडली आणि घरंगळत माझ्या पायाशी आली. शुभाने रीतीप्रमाणे मान हलवली, पाळी पुढे द्यायला. पुढे मी होते.

मी खऱ्या वेगाने सुरू केलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि आनंदाने माझ्या मागे आले. माझी पाळी संपल्यावर डेलने मांडीवर थाप मारली. नंतर तो शुभाजवळ गुडघ्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "कुणाला पकडायला धावत होतीस तू, स्वीटहार्ट?"

"द बॉय," शुभा म्हणाली. "द बॉय ऑन द टेप."

डेलच्या कपाळाला आठ्या पडल्या. "विच बॉय?"

अजून एक वाक्य पुढे गेलं असतं तर सगळं उलगडलं असतं. मी मधे बोलले. "शी हॅज फीवर, सर. सकाळपासून ताप आहे तिला." रूथ लगेच उठली, पाणी आणायला धावली, आणि तो प्रश्न तिथेच राहिला. शुभाने माझ्याकडे कृतज्ञतेने बघितलं. तिला वाटलं, मी तिची लाज राखली.

 परतताना गाडीत बाबांनी मसाफी गावाजवळ एकदा विचारलं, "वैजू, तू एवढं सावकाश वाजवायला कधी शिकलीस?" मी झोपल्याचं सोंग घेतलं. त्यांनी परत विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही, आणि ते काय ओळखून आहेत ते मला जाणून घ्यायचं नाही.

शिबिराबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. व्हर्जिनियाला माझ्यासारख्या होतकरूंचा बाजार भरला होता. आठ आठ वर्षांची शेतकऱ्यांची पोरं दात पडलेल्या तोंडाने हसत वाजवायची आणि माझ्या हातातलं वाद्य मला परकं वाटायचं. शेवटच्या दिवशी डेलच्या बहिणीने मला सर्टिफिकेट दिलं आणि म्हणाली, तुझी तयारी फार व्यवस्थित आहे. म्हणजे पाठांतर चांगलं आहे. ते मला माहीत होतं. जिला तिथे जायला हवं होतं ती तेव्हा करामात डाव्या हाताने पापडांच्या पाकिटांवर लेबलं चिकटवत होती. तिचं मनगट पुरतं सुधारलं नाही. भरलेला तांब्या ती आजही दोन्ही हातांनी धरते.

मी आता मुलांना शिकवते. गिटार, मेंडोलिन, आईबापांना हवं ते. मुलं मराठी घरांतली असली तरी उत्तरं इंग्रजीत देतात. मी कडक आहे अशी माझी ख्याती आहे आणि त्यामुळे विद्यार्थी वाढतात. दोन वर्षांपूर्वी त्या टकल्या माणसाची सीडी एका मॉलमध्ये मिळाली. घेऊन आले, एकदा ऐकली आणि कपाटात साड्यांखाली ठेवली.

या जुलैत शुभा माहेरी आली आहे, लग्नानंतर पहिल्यांदाच संपूर्ण सुट्टीभर. बरोबर सात वर्षांची मुलगी, सानिका. तीन आठवड्यांपूर्वी दोघी माझ्याकडे आल्या. चष्म्यावरची वाफ ओढणीने पुसत शुभा सोफ्यावर बसली आणि तिने पर्समधून ती कॅसेट काढली. लेबलवर बाबांचं अक्षर, पिवळं पडलेलं.

"तुझ्याकडे वाजवायला असेल ना अजून काही? आमच्याकडे आता सगळ्या सीड्या. हिला ऐकवायचंय."

मी माळ्यावरचा जुना टेपरेकॉर्डर काढला. पुसला. लावला. वन, टू, थ्री, फोर. शुभाने डोळे मिटले, तिची उजवी बोटं मांडीवर किंचित हलली आणि थांबली. सानिका तोंड उघडं टाकून ऐकत होती.

"मम्मा, व्हाय इज ही इन सच अ हरी?"

"घाई नाही गं ती, त्याचा हात तसा आहे," शुभा म्हणाली. "मुलगा होता नुसता. मी खूप धावले त्याच्या मागे. मला नाही जमलं. मावशीला जमलं, म्हणून ती अमेरिकेला गेली." मग माझ्याकडे वळून तिने हसत विचारलं, "किती वर्षांचा होता गं तो?"

साड्यांखाली ती सीडी होती, उठून चार पावलांवर.

"आपल्याच वयाचा," मी म्हणाले.

जाताना शुभा कॅसेट माझ्याकडेच ठेवून गेली. हिला ह्याच्यावरूनच शिकव म्हणाली, सुट्टी संपेपर्यंत रोज पाठवते. सानिकाच्या हातात साखर आहे. पहिल्याच दिवशी ऐकू आली मला ती. कॅसेट पळते हे तिला सांगायचं तर पुढचा प्रश्न तिची आई विचारणार, कधीपासून माहीत आहे. म्हणून आमचा सराव कॅसेटवरच चालतो, तारा पांढरी सहाला ताणून.

आज दुपारी ती मधेच थांबली. मनगट झटकून म्हणाली, "आँटी, माय हँड इज हर्टिंग."

मी कॅसेट मागे फिरवली आणि म्हटलं, "पुन्हा."